गाडीखालची सहल

श्रावणातल्या सोमवारी दुर्गाबाई बोलत नसत. सकाळी महादेवाला बेल वाहिला, की ओठ मिटायचे ते दिवेलागणीला निरांजन लावल्यावरच उघडायचे. हे व्रत त्यांना सासूकडून आलं होतं. सासूबाई मौनातही घरभर हुकूम सोडायच्या. नुसत्या डोळ्यांनी सुनेला चुलीपुढून उठवायच्या, परत बसवायच्या. दुर्गाबाईंना ती विद्या कधी साधली नाही. त्या मुळातच हळू बोलणाऱ्या. एरवीही त्यांचं बोलणं पलीकडच्या खोलीत पोचायचं नाही, मग मौनातल्या खुणा कुठून पोचणार?

याचा त्रास मात्र चंद्रभानरावांनाच जास्त. दर श्रावणात त्यांचं एकच गाऱ्हाणं. "बाकीच्यायचे नवरे म्हणते, बायको एक दिवस तरी गप बसली पायजे. अन् मले सोमवारी घर खायाले उठते. एकटाच बोलून राह्यलो सकाळपासून, भूत लागल्यावानी."

त्या सोमवारी दुपारी ते असंच एकटे बोलत ओसरीत सुपारी कातरत बसले होते. पावसाची झड लागली होती, म्हणून शेतातली डवरणी बंद. तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं चिखलानं भरलेल्या चपला हातात घेऊन आचल अंगणात उभी.

"अरे! मास्तरीणबाई!" चंद्रभानरावांचा अडकित्ता खाली पडला. "सांगितलं नाही काही, फोन नाही, काही नाही. शाळा बंद पडली काय तुही?"

"सुट्टी आहे उद्याची, बाबा. आजची टाकली. तुमाले आनंद नाही झाला काय?"

"मले तर झाला. पण तुह्या मायले झाला का नाही, ते आता दिवा लागल्यावरच समजन."

आचलनं कपाळावर हात मारला. "हाव ना वं आई, आज सोमवार! माह्या ध्यानातच नाही."

दुर्गाबाईंनी लेकीच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. एवढं तर मौनातही चालतं. पण मनात त्यांना चर्र झालं. लेक आली याचा आनंद होताच. पण ती का आली, हेही त्यांना ठाऊक होतं, आणि आजच तिला काही सांगता येणार नव्हतं.

आचल नांदगाव खंडेश्वरला एका शाळेवर होती. लहान वर्ग, लहान पगार, आणि एका खोलीचा संसार. पण लेकरांसाठी गाणी लिहायचा तिला नाद. अमरावतीच्या तीन-चार शिक्षकांनी मिळून लेकरांच्या गाण्यांचं एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. विषय होता घरच्यांसोबतच्या मुक्कामी सहली. त्यात आचलची गाणी होती, आणि त्यातलं एक गाणं खुद्द या घराचं होतं. मागच्या पंधरवड्यात तिनं ते फोनवर आईला म्हणून दाखवलं होतं. दुर्गाबाई ऐकता ऐकता हसल्या होत्या, डोळ्यांना पदर लावला होता. मग गाण्याचं नाव ऐकलं आणि काळजात काहीतरी अडकलं. "बाबाले मी स्वतः वाचून दाखवीन, मंगच छापाले देईन," असं आचल म्हणाली होती. तेव्हा दुर्गाबाईंनी ठरवलं होतं की पोरगी आली की आधी तिला बाजूला घ्यायचं, आणि त्या नावाचं सांगायचं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच.

आणि आली ती सोमवारी.

हातपाय धुऊन आचल बापाजवळ भाकर खायला बसली. ज्वारीची गरम भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर जवसाची चटणी. दोन घास झाले नाहीत तोच तिची टकळी सुरू झाली.

"बाबा, वर्गात मज्जा झाली. मी पोट्ट्यायले म्हटलं, घरच्यायसंगं कुठी मुक्कामी गेले असान, तर सांगा. एक म्हणे, आमी सेमाडोहले गेलो, जंगलात तंबूत झोपलो, रात्री बाहेर काहीतरी घुरघुरलं अन् बाबा आईच्या मांगं लपले."

"बाप खरा दिसते त्याचा," चंद्रभानराव म्हणाले.

"एक म्हणे, पातूरच्या लेण्यापाशी डबे खाल्ले, माकडानं मामाची टोपी नेली. असं सगळे सांगून राह्यले. मंग मागची एक पोट्टी उठली, म्हणे, मॅडम, तुमी कुठी गेल्त्या?" आचल थांबली. "अन् बाबा, माह्या डोयापुढं एकदम आलं. आपली गाडी. गाडीखाली अंथरलेली पोती. तो ताडपत्रीचा तंबू. माही मैतरीण फलक. मी तितल्या तितंच गाणं रचलं त्यायच्यासाठी. आता छापून येते ते. म्हटलं आधी तुमाले वाचून दाखवावं."

ती पिशवीकडे हात न्यायला लागली तसं दुर्गाबाईंनी चुलीपुढून दोन्ही हात हलवले. नको, आता नको.

"हो, हो, जेवून घेतो आधी," आचल म्हणाली.

दुर्गाबाईंनी मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं, नवऱ्याकडे दाखवलं.

चंद्रभानरावांनी ठेच्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली. "घे. हेच पायजे होतं ना? पण उपास ना तुले आज?"

आता यावर काय करावं? दुर्गाबाईंनी वाटी जागेवर ठेवली आणि चुलीतलं लाकूड उगाचच मागे ओढलं.

जेवणं झाली. आचलनं छापील कागद उलगडले. चंद्रभानराव भिंतीला टेकून, एक पाय लांब करून, परत सुपारी कातरायला बसले. लेक मास्तरीण झाल्यापासून ती काहीही वाचायला लागली की ते असे सावरून बसत, कीर्तनाला बसल्यासारखे.

"लेकरायचं आहे, हं. हसजा नका," म्हणून आचलनं सुरुवात केली.

गाडीखाली घर आमचं,
गाडीवर डोंगर,
पांढऱ्या शुभ्र डोंगराचा
लागंना नंबर!

"वा!" चंद्रभानराव म्हणाले. "कापसाचा डोंगर. बराबर."

बाबा म्हणे, "आज नाही,"
आई म्हणे, "उद्या,"
आमी म्हणो, "नको नको,
परवा लागू द्या!"

अडकित्त्याचा आवाज जरा हळू झाला.

पळसाच्या पानांमधी
पानगे भाजू दे,
ताडपत्रीचा ढोल आमचा
अजून वाजू दे.

नंबरा रे नंबरा,
उशिरा उशिरा ये,
फलकसंगं खेळतो आमी,
उद्या हाक दे!

आचलनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर सात वर्षांची पोर बसली होती. "कसं आहे, बाबा?"

"नाव काय देलं याले?"

"आमची सहल."

अडकित्ता थांबला. अर्धी सुपारी तशीच पात्यात अडकून राहिली.

"सहल," चंद्रभानराव म्हणाले. "कापूस घेऊन रस्त्यावर पडलो होतो, ते सहल?"

"बाबा, लेकरायच्या नजरेतून..."

"लेकरायच्या नजरेचं मले नको सांगू. तुले माहीत आहे काय, हा शब्द कोणं म्हटला होता ते? त्या खरेदीच्या खिडकीतल्या मानसानं. मी रोज त्या खिडकीपुढं जाऊन उभा राहो. पाय सुजलेला, जमिनीवर टेकत नव्हता. आमच्या मांगून आलेल्या गाड्या आत चालल्या होत्या अन् आमी तिथंच. मी म्हटलं, साहेब, बायको-पोरं संगं आहेत, दवात कापूस ओला होऊन राह्यला, पाहा जरा. तर तो सगळ्यायच्या देखत म्हणते कसा, 'बायको-पोरं घेऊन आला? सहलीले आला काय रे?' सगळी रांग हासली. माह्यासारखेच होते ते, पण हासले. अन् तू तेच नाव छापून राह्यली, पुस्तकात?"

आचलच्या हातातले कागद खाली आले. "मले नव्हतं माहीत, बाबा."

"कसं राहीन माहीत? तुमी तर नाचत होते. नंबर नको लागू, नंबर नको लागू. मी रोज देवाले म्हणो लागू दे, अन् माहीच लेकरं..." ते उठले. "छाप तुले छापाचं असन तर. पण ते पुस्तक माह्यापुढं आणजो नको."

खांद्यावर पोतं घेऊन ते झडीतच गोठ्याकडे निघून गेले.

आचलनं कागद गोळा केले. मग तिनं ते पान वेगळं काढून मधोमध दुमडलं. "काढून टाकीन मी हे, आई. बुधवारी कागद द्याचे आहेत, त्याच्याऐवजी सेमाडोहचं एक गाणं टाकतीन ते." तिनं घडीवरून नख फिरवलं. "पुस्तक बाबाच्या नावानं अर्पण करणार होती मी. आता कशाचं पुस्तक अन् कशाचं काय. माह्या लहानपणातलं सगळ्यात चांगलं तेवढंच तर होतं, आई. आपण सगळे एका जागी झोपलो, एका जागी जेवलो, बाबा दिवसभर आपल्यासंगं. अन् ते त्यायच्यासाठी असं होतं!"

तिनं पेन आईपुढे धरलं. "बोलता नाही येत तर लिहून दे ना. तू तर होती तिथं."

दुर्गाबाईंनी पेन हातात घेतलं. कागदावर टेकवलं, आणि तसंच परत ठेवलं. जे सांगायचं होतं, ते लिहिण्याजोगं नव्हतंच. ते ज्या आवाजात ऐकलं होतं, त्याच आवाजात सांगावं लागणार होतं.

पोरगी म्हणते ते खोटं नव्हतं. पण त्या वर्षांत गावागावांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या यायच्या. पाणवठ्यावर बायका आवाज खाली करून बोलायच्या, आणि नवरा शेतातून यायला उशीर झाला की दारात जाऊन उभ्या राहायच्या. त्या हिवाळ्यात चंद्रभानरावांच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसलं. पाय सुजून टम्म. कापूस तर अकोल्याला न्यायचाच होता, आणि गाडी एकट्या माणसानं सांभाळायची म्हणजे खिडकीशी गेलं की गाडीवरचा कापूस मुठीमुठीनं पसार. घरात दुसरं कुणी मोठं नाही. शेवटी दुर्गाबाईच गाडीवर चढल्या, आणि आचल, तिचा भाऊ गोपाल, या लेकरांना तरी कुणाजवळ ठेवणार? गेली सगळीच.

अकोल्याला कापूस खरेदीच्या जिनाबाहेर नंबराची वाट बघणाऱ्या गाड्यांची रांग एवढी लांब, की त्यांच्या गाडीपासून जिनाचं धुराडंही दिसत नव्हतं. नंबर लागला की भोंग्यावरून नाव पुकारायचे. पण देव आधी जागा करतो, मग माणसाला तिथं नेतो म्हणतात. त्यांची गाडी जिथं थांबली, तिथंच अब्दुल सत्तारचं दुकान. फाटक्या ताडपत्र्या आणि पोती शिवायचं. मागे घर. सत्तारभाईंची बायको अकीला पहिल्याच सकाळी बाहेर आली, गाडीखाली कुडकुडणारी लेकरं बघितली आणि म्हणाली, "माय वं, हे काय! न्हाणी आमची घे, पाणी आमचं घे, लाजू नको. मी बी खेड्यातलीच."

रमजान तेव्हा ऐन थंडीत आला होता. अकीलाभाभीचा रोजा, आणि दुर्गाबाईंचे सोळा सोमवार चाललेले. सोमवारी दुपारी दोघी भिंतीच्या उन्हात पाय पसरून बसल्या. अकीलाभाभी म्हणाली, "तू बी भूकी, मैं बी भूकी. चल, खाण्याच्या गोष्टी करू. तू सांग, तुझ्याकडं वांग्याची भाजी कशी करते?" दुर्गाबाईंनी रोडग्यांसोबतची भाजी सांगितली, अकीलाभाभीनं शेवया सांगितल्या, आणि दोघी हसून हसून अधिकच भुकेजल्या. सूर्य बुडाला, मशिदीतून बांग आली. अकीलाभाभीनं खजूर तोंडात टाकला आणि एक खजूर पानावर ठेवून दुर्गाबाईंपुढे सरकवला. "महादेव को चलता ना ये?" दुर्गाबाईंनी तो कपाळाला लावून खाल्ला. अकीलाभाभीची लेक फलक नि आचल तर एकमेकींच्या वेण्याच सोडत नव्हत्या.

हे सगळं आचलला आठवत होतं. आठवत नव्हती ती त्या दिवसाची संध्याकाळ, ज्या दिवशी खिडकीवरच्या माणसानं तो शब्द उच्चारला. ती दुर्गाबाईंना आठवत होती. आणि ज्याला आठवायला हवी होती, तो माणूस गोठ्यात जाऊन बसला होता.

बाहेर अजून उजेड होता. दिवेलागणीला वेळ होता. दुर्गाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. पिंडीवरचा बेल सकाळसारखाच ताजा होता. त्या मनात म्हणाल्या, शंभो, तू भोळा आहेस, तुला माझं मौन हवं तितकं मिळेल, पण या दोघांची समजूत घालायला तू काही गोठ्यात यायचा नाहीस. तिथं मलाच जावं लागेल. हात जोडले, पदर डोक्यावर घेतला आणि त्या अंगण ओलांडून गेल्या. आचल त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आली.

चंद्रभानराव गायीपुढे कडबा टाकत होते. गरज नसताना.

"ऐका," दुर्गाबाई म्हणाल्या.

चंद्रभानराव दचकलेच. कडब्याची पेंडी हातातून सुटली. "अवं! दिवा लागला काय?"

"नाही लागला."

"मंग बोलली काहून?"

"तुमी बोलाले लावलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण गायीनंसुद्धा मान वळवली. "त्या खिडकीवाल्यानं काय म्हटलं ते तुमच्या ध्यानात आहे. त्याच्या मागून तुमी काय केलं, ते आहे ध्यानात?"

"काय केलं? परत आलो गाडीवर. दुसरं काय करणार होतो?"

"तुमी आले तेव्हा मी चाकापाशी पीठ मळत होती. तुमचं तोंड पाह्यलं अन् माह्या हातातलं पीठ तसंच राह्यलं. तेव्हा दिवसच असे होते, की असं तोंड पाहून बाईचा जीव उडून जाये. गोपाल धावत आला. 'बाबा, लागला काय नंबर?' रोज विचारे तो. मागं ही. तुमी त्यायच्याकडं पाह्यलंच नाही. सरळ सत्तारभाईच्या दुकानात गेले. मी इकडं देवाचं नाव घेऊन राह्यली. तर तुमी अन् सत्तारभाई दोघं जणं एक मोठी ताडपत्री घेऊन आले."

चंद्रभानराव गायीच्या दाव्याची गाठ चाचपायला लागले.

"आपल्या अन् पुढच्या गाडीच्या मधात बांधली तुमी ती. सुजल्या पायानं जुवावर चढून बांधली. सत्तारभाई खालून म्हणे, 'पाटील, महल बन गया, अब बेगम को बुलाओ.' अन् तुमी पोरायले हाक मारली. म्हणे, 'या रे पोट्टे हो. आपण सहलीले आलो. हा आपला तंबू.' गोपाल म्हणे, 'अन् नंबर?' तर तुमी काय म्हटलं?"

"काय म्हटलं?"

"म्हटलं, 'नंबर लागला तर सहल मोडन ना लेका. म्हणा, नको लागू, नको लागू.' त्यायच्या तोंडात तुमी घातलं ते. हिच्या नाही डोक्यातून आलं." दुर्गाबाई जरा थांबल्या. एवढं एका दमात त्या कधी बोलल्या नव्हत्या. "पोरं ताडपत्री बडवत नाचाले लागले, अन् तुमी गाडीच्या मांगं आले माह्यापाशी. म्हणे, 'दुर्गे, रोज ते विचारतेत लागला काय, लागला काय. मी कोणतं तोंड दाखवू? त्यायले नको लागू म्हणू दे. मंग मी रोज रिकाम्या हातानं आलो तरी ते नाचतीन. मले हासणारे तिकडं गंज, रांगभर आहेत. इकडं कोणी नाचणारं पायजे.'"

"मी म्हटलं होतं असं?"

"हो."

"मले नाही आठवत, खरंच."

"तुमाले खिडकी आठवते. आमाले तिघायले ताडपत्री आठवते. आता तुमीच सांगा, पोरीनं कोणतं लिहावं?"

चंद्रभानरावांनी पडलेली पेंडी उचलली, सोडली, परत उचलली. दारात आचल उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. "तुहं व्रत मोडलं ना वं," ते बायकोला म्हणाले.

"माहं मी पाहून घेईन. त्याचा अन् माहा हिशेब जुना आहे."

"असन. पण एक सांगतो, सोमवारी मोडजो असंच कधी कधी. घर बरं वाटते." आणि ते तोंड फिरवून गायीची पाठ खाजवायला लागले, बराच वेळ.

दिवेलागण झाली. दुर्गाबाईंनी पिंडीपुढे निरांजन लावलं, चुकलं-माकलं क्षमा कर म्हटलं, आणि मनाशी ठरवून टाकलं की उद्याचा मंगळवारही मौनातच काढायचा. ओसरीत चंद्रभानराव येऊन बसल्याचं त्यांना कळलं. खोकून घसा साफ केला त्यांनी. हा त्यांचा माफी मागायचा प्रकार होता. घरात सगळ्यांना माहीत होता.

"मास्तरीण, ते वाच पुन्हा."

"राहू द्या बाबा. मी काढून टाकलं ते."

"वाच म्हटलं ना. मांगच्या वेळी मी अर्धंच ऐकलं."

आचलनं दुमडलेलं पान उलगडलं आणि वाचलं. या वेळी तिचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता, चाचपडत चालल्यासारखा होता. ताडपत्रीच्या ढोलाशी आली तेव्हा चंद्रभानरावांची बोटं मांडीवर दोनदा वाजली. "नाव काही वाईट नाही," ते म्हणाले. "त्या मानसानं माह्याजवळून काही नेलं, असं मले वाटत होतं इतके वर्ष. मीच त्याच्याजवळून तो शब्द घेऊन आलो होतो म्हणते तुही माय. राहू दे नाव." मग ते वाट बघत बसले. "अन् पुढं?"

"पुढं काही नाही. इथंच संपते."

"संपते कशी? नंबर कुठं लागला?"

"लागतच नाही, बाबा. तीच तर गंमत आहे. लेकरायची सहल चालूच राहते. वर्गातल्या पोट्ट्यायलेही तेच आवडते."

"तुले गंमत आहे," चंद्रभानराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दुपारचा राग नव्हता. "पण माही गाडी तिथंच उभी आहे ना वं. तू गाणं थांबवलं, पुस्तक मिटलं, अन् आमी तिथंच. बैल उभे. तुही माय चाकापाशी. तुमी दोघं थंडीत. जो कोणी पोट्टा हे वाचन, त्याच्या पुस्तकात आमी रस्त्यावरच पडून राहू. खरोखर नंबर लागला होता ना? उशिरा लागला, भाव मारून देला, पण लागला. गाडी आत गेली. इतकं कर माह्यासाठी. गाण्यात आमचा नंबर लाव, माय."

लेकीला ते 'माय' फार क्वचित म्हणत. तिनं पर्समधून पेन्सिल काढली, पान मांडीवर घेतलं आणि गाण्याच्या खाली मोकळ्या जागेत लिहायला लागली. लिहिलं, खोडलं, ओठ हलवून बोटांवर मात्रा मोजल्या.

"ऐका. 'भोंग्यामधी नाव आलं, गाडी हालली खटकन...'"

"थांब. अशी कशी हालली? बैल सुटे होते."

"बाबा, गाणं आहे ते!"

"गाणं असलं म्हणून काय बिनाबैलाची गाडी हालन? बैल आधी जुपा लागतेत. अन् तुह्या मायची चूल पेटलेली, ते कोण इझवन? पूर्ण सहल आवरा लागन आधी."

दुर्गाबाई देवघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. "चूल मीच इझवली होती," त्या म्हणाल्या. "अकीलाभाभीनं घागर आणून देली पाण्याची."

"घागर नाही बसणार आता," आचल म्हणाली, आणि हसली. दुपारपासून पहिल्यांदा. तिनं खोडून पुन्हा लिहिलं. मग तिनं वाचलं,

भोंग्यामधी नाव आलं,
बाबा उठला पटकन,
बैल जुपले, चूल इझली,
गाडी हालली खटकन!

चंद्रभानरावांनी डोळे मिटून घेतले होते. "पुन्हा वाच," ते म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं. "'बाबा उठला' म्हटलं, 'उठले' नाही म्हटलं," ते पुटपुटले. "बराबर आहे. लेकरू तसंच म्हणन." मग त्यांनी डोळे उघडून तिच्या हाताकडे पाहिलं.

"पेन्सिलनं नको लिहू ते," ते म्हणाले. "पुसल्या जाईन. पेनानं लिही."